बाई, ‘भंजक’ नको

बाई, तुमच्याशी भांडायचं राहिलं होतं, ते आता एकट्यानंच उरकायला बसलोय. एकट्यानं भांडायला मजा नाही. “थांब, थांब, आधी मला बोलू दे” असं समोरून कुणी म्हणत नाही. चष्मा कपाळावर ढकलून कुणी बोट रोखत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी कंपनीच्या टाकीत होतो. म्हणजे खरोखरच टाकीच्या आत, हातात ब्रश, फोन बाहेर लॉकरमध्ये. वर येऊन बघतो तर तुमचे तक्ते रंगवणाऱ्या सायलीचे मिस कॉल. भोरवरून एवढे कॉल म्हणजे चांगलं काही नसणार, असं मला लगेच वाटलं. मला तसं नेहमीच वाटतं. तुम्हीच म्हणायचात, “भिवा, तुला काळजी करायला कारण लागत नाही, नुसती हवा पुरते.” ह्या वेळी मात्र कारण होतं. झोपेतच गेलात म्हणे. सकाळी शेजारच्या काकूंनी दार उघडलं तर ओट्यावर इडलीचं पीठ फुगून डब्याबाहेर आलं होतं. हे सांगताना सायली रडत होती आणि मला, खोटं कशाला बोलू, हसू आलं. तुमच्या घरातले जिवाणू तुमच्यासाठीसुद्धा थांबले नाहीत. तुम्हालाही हसूच आलं असतं. मग मी टाकीच्या शिडीवर बसलो.

गुजरातेतून निघून पोचेपर्यंत सगळं झालंच असतं. मी आलो नाही. इथंच अंघोळ केली, तुमचं नाव घेतलं.

काल सायलीचा परत फोन आला. तुम्ही तिच्याकडून आमच्या वस्तीच्या शाळेसाठी तक्ते रंगवून घेत होतात ना, ते सगळे झालेत. सोमवारी लावायचेत. फक्त एका तक्त्याचं शीर्षक अर्धं आहे. ‘पेशीभित्तिका’ आणि ‘विकरे’ ह्या दोन शब्दांच्या मधे तुम्ही जागा सोडून ठेवलीत. ती म्हणाली, “दादा, मी बाईंना विचारलं होतं, इथं काय लिहू? तर म्हणाल्या, भिवाचं आणि माझं भांडण मिटलं की लिही. आता तुम्हीच सांगा. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, मला रंग वाळवायचाय.”

आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला पोरांच्या तक्त्यावरचा शब्द विचारतात, बाई. आज साप्ताहिक सुट्टी आहे, खोलीतले बाकीचे बाजारात गेलेत, आणि मी तुमच्याशी बोलतोय.

पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला माहीत आहे, पण मला सांगायचंय.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या वस्तीवर आलात तेव्हा नसरापूरला एसटी बदलून वेल्ह्याला उतरला होतात आणि तिथून डोंगर चढून वर. हातात प्लास्टिकचा डबा आणि चमचा. आमची मेंढरं सकाळी चरायला बाहेर काढली होती. रात्री मेंढरांभोवती काठ्या रोवून जाळं लावतो, त्याला आम्ही वाघर म्हणतो. त्या मोकळ्या वाघरीत तुम्ही वाकून काहीतरी वेचत होतात.

आई म्हणाली, “भिवा, बग रं, त्या बाई वाघरीत काय येचत्यात. काय पडलंय का त्यांचं?”

मी गेलो. तुम्ही म्हणालात, “लेंड्या घेतल्या तर चालतील ना? थोड्या वाळलेल्या हव्यात.”

“खताला का?”

“नाही रे. ह्याच्यावर जिवाणू असतात. त्यांची विकरं बघायचीत मला.”

आता ‘विकर’ हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी ऐकलं ‘विकार’. आणि आमच्या वस्तीत बातमीला पाय नाही, पंख असतात. पुढच्या वेळी तुम्ही आलात तर आईनं लंगडी मेंढी धरून ठेवलेली, सखूकाकीनं कास सुजलेली शेळी आणलेली, आणि धोंडामामा धोतर गुडघ्यापर्यंत वर करून दगडावर बसलेले.

“बाई, जनावरांचं मागनं बगा. आदी माज्या गुडघ्याचा इकार बगा.”

तुम्ही काहीच न कळून माझ्याकडं पाहिलंत. मी म्हणालो, “तुमीच म्हनला हुता, इकार बगाया आलेय म्हून.” आणि तुम्ही हसत सुटलात. इतक्या, की धोंडामामांशेजारी त्याच दगडावर टेकलात. धोंडामामांना राग आला. “हसाया काय झालं? दुखतंय ते माजं.” मग तुम्ही डोळे पुसलेत, त्यांची माफी मागितलीत, शेळीला वेल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला सांगितलंत आणि सगळ्यांना समजावलंत, की विकार म्हणजे बिघाड, आणि विकर म्हणजे जिवाणूच्या अंगातला कामकरी. आई म्हणाली, “मंग कामकरीच म्हना की. उगा भ्या दावताय.” तुमची आणि आमच्या घराची शब्दांवरून भांडणं तिथूनच सुरू झाली, बाई. मी सुरू केली नाहीत, आईनं केली.

नंतर मी वरव्याला वर्कशॉपमध्ये लागलो. गुरुवारी वीज नसायची म्हणून सुट्टी. बाकीची पोरं हायवेला टाइमपास करायची, मी भोरची एसटी धरून तुमच्याकडं यायचो. का यायचो ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून येत राहिलो. विचारलं असतं तर मला लाज वाटली असती. शाळेत मास्तरांनी काही विचारलं की माझे कान गरम व्हायचे. तुमच्याकडं मीच प्रश्न विचारायचो आणि तुम्ही चहात साखर घालायची विसरायचात.

मागच्या खोलीत काचेच्या बशीत ओला टीपकागद, त्यावर आमच्या मेंढरांच्या लेंड्या. काही दिवसांनी लेंडीवर मोहरीपेक्षा बारीक, केशरी ठिपके उगवायचे. तुम्ही मला भिंगातून दाखवलेत. म्हणालात, “हे जिवाणू टोळीनं हिंडतात. दुसरा जिवाणू सापडला की त्याला घेरतात आणि त्याची बाहेरची भिंत कापून फोडतात. मग खातात.”

“म्हंजे मेंढराच्या लेंडीत लांडगं?”

“अगदी लांडगे!”

“आन् आमी रातभर वाघरीभवती जागतोय.”

त्या दिवशी तुम्ही मला तो प्रयोग दाखवलात. परीक्षानळीत पाणी घातलेल्या दुधासारखं गढूळ काहीतरी होतं. तो गढूळपणा म्हणजेच जिवाणू, म्हणालात. त्यात लेंडीवरच्या टोळीचं विकर थेंब थेंब सोडलंत आणि नळी खिडकीसमोर धरायला मला दिलीत. मी धरून उभा. आधी काहीच नाही. मग पलीकडचा खिडकीचा गज पुसट दिसायला लागला. मग नीट दिसला. नळीत नुसतं पाणी राहिल्यासारखं. सगळे फुटून विरघळले होते. मी नळी अंगापासून लांब धरली. तुम्ही म्हणालात, “घाबरू नको, तुझी कातडी तसल्या भिंतीची नाही.”

भिंत, भिंत म्हणायचात तुम्ही. पुस्तकात ‘पेशीभित्तिका’. मग एकदा कागदावर काढून दाखवलीत. साखरेचे लांब लांब धागे जिवाणूच्या अंगाभोवती गुंडाळलेले, आणि त्या धाग्यांना आडवे जोडणारे प्रथिनांचे आखूड तुकडे. मी बघितलं आणि म्हणालो, “बाई, ही भिंत न्हाई. ही वाघर हाय.”

तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. “नाही. वाघर लांडगा आत येऊ नये म्हणून असते. ही भित्तिका आतलं बाहेर फुटू नये म्हणून. काही जिवाणूंच्या आत टेम्पोच्या टायरपेक्षा जास्त दाब असतो.”

“लांडग्याला जाळ्यानं काय हुतंय? तो उडी मारतो. त्याला कुत्रं लागतं. वाघर मेंढरांसाठीच. ती आतनं रेटत्यात.”

“खरंच?”

“तुमी एकदा रातच्याला मुक्कामाला या.”

तुम्ही आला नाहीत. पण पुढच्या गुरुवारी म्हणालात, “वाघर चालेल. पण तक्त्यावर नाही, तुझ्या-माझ्यात.” ते मला लई आवडलं होतं.

मग मी विचारलं होतं, की कळप वाढला तर आम्ही वाघर वाढवतो, जिवाणू वाढला तर तो काय करतो? तुम्ही खुर्ची पुढं ओढलीत. तीच तर गंमत, म्हणालात. दुसऱ्याची भिंत फोडायची हत्यारं लेंडीवरच्या टोळीकडं आहेत, पण तसलीच हत्यारं प्रत्येक जिवाणूकडं स्वतःच्या भिंतीसाठीही असतात. ती नसली तर त्याला वाढताच येणार नाही. एकाचे दोन झाले तरी वेगळं होता येणार नाही, माळेसारखे एकमेकांना चिकटून राहतील. त्यातली काही विकरं लांब धागा कापतात, काही आडवा तुकडा, आणि काही जिथं आडवा तुकडा धाग्याला बसतो तिथंच तोडतात. मी म्हणालो, बाबा वाघरीला नवी जोड लावताना ओरडतात, “आदी बांद, मंग सोड.” तुम्ही म्हणालात, बऱ्याच जिवाणूंचं असंच असावं असं मानतात. आधी आतून नवा धागा विणायचा, मग बाहेरचा जुना सोडायचा.

आणि विकराची ठेवण. त्याच्या अंगात एक खाच असते, धागा त्या खाचेत बरोबर बसतो आणि तिथंच कापला जातो. त्या खाचेच्या भागाला लवचिक दोरीसारखं काहीतरी, आणि त्या दोरीच्या टोकाला दुसरा भाग. तो कापत नाही. तो नुसता भित्तिकेला धरून ठेवतो.

“लोकर कातरताना डावा हात,” मी म्हणालो. “मेंढी डाव्या हातानं धरायची. न्हाई धरली तर कातर हवेत चालती.”

तुम्ही टाळी वाजवलीत. आणि लगेच माझी हवा काढलीत. “पण सगळ्यांना तो डावा हात नसतो, भिवा. काही एकहातीच असतात आणि तरी कापतात. लगेच सगळ्यांना धनगर करू नको.” बरं वाटलं मला. माझ्यासारख्याला लोक एकतर गप्प बस म्हणतात, नाहीतर उगाच शाबासकी देतात. तुम्ही मला चूक म्हणायचात.

आता भांडणावर येतो.

वर्कशॉपमध्ये माझ्या पायाला पत्रा लागला, पू झाला, तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या जातीचं औषध दिलं आणि मी तुमच्याकडं गोळ्या घेऊन आलो, भीत भीत. ह्यानं मला काही होईल का? तुम्ही म्हणालात, तुला काय होणार, तुझ्या पेशींना वाघरच नाही. हे औषध जिवाणूच्या भिंतीत गाठी बांधणाऱ्याचे हात धरतं. सोडणारा मात्र सोडतच राहतो. बांधणं बंद, सोडणं चालू. मग आतल्या दाबानं तो आपलाआपण फुटतो.

आणि तिथं तुम्ही म्हणालात, “म्हणून तक्त्यावर लिहिणार आहे, पेशीभित्तिकाभंजक विकरे.”

“भंजक नको, बाई.”

“का?”

“भंजक म्हंजे मूर्ती फोडणारा. हा काय फोडतोय? हा त्याचं नेमून दिलेलं काम करतोय. औषधानं बांधणाऱ्याचे हात धरले. तर नाव ह्याला का?”

“मग काय म्हणू?”

“उसवणारी.”

तुम्ही नाक मुरडलंत. तुमचं नाक अजून दिसतंय मला. “उसवणं म्हणजे बिघडणं. उसवलेलं पोतं, उसवलेली चप्पल. त्यापेक्षा भंजक बरा, निदान ताठ शब्द आहे. आणि माझी लेंडीवरची टोळी? ती शेजाऱ्याची भिंत काय प्रेमानं उसवते?”

मी म्हणालो, सुचलं की सांगतो. तुम्ही म्हणालात, सांग. मग मी गुजरातेत आलो, आणि फोनवर दर वेळी तुमचा पहिला प्रश्न, “जेवलास का?” आणि दुसरा, “सुचलं का?” मी दर वेळी न्हाई म्हणायचो आणि तुम्ही खूश व्हायचात.

इथं कपडे धुवायच्या पावडरीत घालायचं विकर बनवतात. मोठमोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवायचे, त्यांनी बाहेर टाकलेलं विकर गाळून घ्यायचं. मी टाक्या धुतो. पहिल्या आठवड्यात वास डोक्यात चढायचा. एकदा एक टाकी जास्त वेळ राहिली तर वर नुसता फेस आला. बरोबरचा पोरगा म्हणाला, “खराब हो गया, सड गया.” मी आत डोकावलो आणि माझ्या मनात आलं, उपाशी राहिल्यावर ह्यांनी आपल्याच वाघरी सोडल्या. मी कुणाला बोललो नाही. पण त्या दिवसानंतर मला इथं परकं वाटायचं कमी झालं. टाकीत कोण राहतं ते मला माहीत होतं. अनोळखी गावात असं कुणीतरी ओळखीचं लागतं, बाई. ती ओळख तुम्ही करून दिलीत. हे फोनवर बोललो नाही कधी. आपण फोनवर फक्त जेवण आणि भांडण बोललो.

आणि आता उत्तर सुचलंय.

तुम्ही गेल्यानंतर सुचलं, ह्याचा मला जरा रागच येतोय. इथला भात खाऊन माझी कंपनीची पँट कमरेत बसेना. गेटबाहेर ओडिशाचा एक टेलर बसतो, त्याच्याकडं नेली. मला धास्ती, नवी घ्यावी लागते की काय. त्यानं पँट उलटी केली, मागची शिवण बोटानं चाचपली आणि म्हणाला, “अंदर कपडा है, डरो मत.” ब्लेडनं एकेक टाका उसवला. आतून दुमडलेलं कापड बाहेर आलं, नवं कोरं, गडद रंगाचं. मग त्यानं पुढं सरकवून शिवलं.

त्या आतल्या कापडाला आपल्याकडं काय म्हणतात, बाई? माया. “वाढत्या अंगाचं पोर हाय, माया ठेवा,” आई वेल्ह्याच्या शिंप्याला दर वेळी सांगायची. आणि वर्षभरानं दारात बसून ती माझ्या शर्टाचे टाके उसवायची. शर्ट बिघडावा म्हणून नाही. माझ्या अंगाला बसावा म्हणून.

जिवाणूनं आतून नवा धागा आधीच विणून ठेवलेला असतो. ती त्याची माया. मग बाहेरचे टाके उसवायचे. उसवणारा नसला तर आत माया असून उपयोग नाही. हे माझं उत्तर. हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही “माया” असं हळूच स्वतःशी म्हणाला असतात, हे मला पक्कं माहीत आहे.

आणि मग लगेच भांडला असतात. तेही सांगतो, नाहीतर तुम्ही नाहीत म्हणून जिंकलो असं होईल. तुम्ही म्हणाला असतात, “आणि माझी टोळी?” तिथं तुम्ही अर्ध्या बरोबर आहात. दुसऱ्याच्या अंगावरचा शर्ट उसवला तर तो उघडाच पडणार. पण बाई, टोळीतला लांडगाही तो शर्ट टाक्यावरच उसवतो. वाटेल तिथं फाडत नाही. दोरा कुठला, टाका कुठला हे ओळखूनच तिथं हात घालतो. फोडणाऱ्याला एवढं बघावं लागत नाही. मूर्ती कुठंही घाव घातला तरी फुटते. म्हणून भंजक नको.

तुम्ही म्हणाला असतात, “पोरांना परीक्षेत ‘विघटन’ लिहायचंय, त्यांचे मार्क कोण देणार?” हा मुद्दा तुमचा. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात ‘विघटन’ लिहायला सांगतो. एवढी माघार मी घेतो.

पण वरचा मोठा शब्द त्या पोरांचा. आमच्या वस्तीतलं एकही पोर असं नाही, ज्यानं आईला शर्ट उसवताना पाहिलं नसेल. त्याला तो तक्ता बघून कान गरम होऊ नयेत, एवढंच मला पाहिजे. तुम्हालाही तेच पाहिजे होतं, म्हणून तर जागा मोकळी सोडलीत. भंजकच पाहिजे असता तर तुम्ही कधीच लिहिला असता. तुम्ही काही माझ्या परवानगीला थांबणाऱ्या नव्हतात.

संध्याकाळ व्हायच्या आधीच मी सायलीला फोन लावला. म्हणालो, “लिहून घे. पेशीभित्तिका, मग उसवणारी, मग विकरे. खाली कंसात बारीक, विघटन.”

“उसवणारी,” तिनं म्हणून बघितलं. “छान वाटतंय, दादा. बाईंना पटलं होतं?”

“पटत आलं होतं.”

“बरं.” मग ब्रश डब्याच्या कडेला निथळल्याचा आवाज आला आणि लगेच थांबला. “दादा, उसवणारीतला उ पहिला का दुसरा? ऑइल पेंट आहे, नंतर पुसता यायचा नाही.”

बाई, मला येईना. एवढं भांडलो त्या शब्दासाठी आणि तो लिहायचा कसा ते मला माहीत नव्हतं. कान गरम झाले. तिला म्हणालो, एक मिनिट थांब, आणि फोन कानापासून काढून तुमचा नंबर शोधायला लागलो. तुमचं नाव समोर आलं तेव्हा कळलं, मी काय करतोय ते.

नाव तसंच ठेवलं. डोळे मिटून शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला, जसा आई म्हणते तसा. “उसव रं तेवढं.” आई त्या उ वर थांबत नाही. पटकन पुढं जाते.

फोन परत कानाला लावला. “पहिला,” मी म्हणालो.

तिनं लिहिला.